अर्ध्या सुराने खाली

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, घराच्या उंबऱ्याने आजवर अंड्याचं टरफलसुद्धा न पाहिलेलं, आणि एमआरआयच्या रिपोर्टात निघालं काय, तर डुकराच्या मांसातून फिरणाऱ्या फीतकृमीचं पिल्लू माझ्या मेंदूत बिऱ्हाड करून बसलंय. आता हे तळवड्याच्या भजनी मंडळात सांगायचं कसं? एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, मधे आमचं गाव. तुकोबांचं दर्शन घेऊन माउलींकडे निघालेला माणूस आमच्याच रस्त्याने, कंटेनरच्या मागे ताटकळत, नामस्मरण करत जातो. अशा पुण्यभूमीत मी जन्म काढला, आणि डोक्याचा फोटो काढला तेव्हा आत विठ्ठल सोडून भलतंच कुणी सापडलं.

डॉक्टरांच्या तोंडून 'डुक्कर' हा शब्द बाहेर पडला मात्र, आमच्या हिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की आजारापेक्षा मला तिचीच धास्ती वाटली. "तरी म्हटलं, चाकणच्या त्या पार्टीहून आलात त्या रात्री जेवला कसे नाहीत!" मी माळेला हात लावून सांगितलं, की तिथे मी फक्त पनीर खाल्लं, आणि तेही मोजून. शेवटी डॉक्टरच मधे पडले. म्हणाले, अर्धकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत वाढतो, त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, तिथून शेताच्या पाण्यात, पाण्यातून भाजीवर आणि भाजीवरून कुणाच्याही पोटात. मेंदूत गाठ होते ती या अंड्यांमुळे. त्यासाठी मांस खावं लागत नाही, न धुतलेली कोथिंबीर पुरते. मोठ्या वयात पहिल्यांदा फिट येणाऱ्यांमध्ये आपल्या देशात हे कारण नेहमी सापडतं, आणि त्यात शुद्ध शाकाहारी लोक रग्गड असतात.

हिचा चेहरा निवळला. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "कच्च्या भाज्या धुऊन खाता ना?"

यावर मी छताकडे पाहिलं. कारण भाजीवाल्याकडून गाजर किंवा मुळा घ्यायचा, पँटला दोनदा पुसायचा आणि चावत चावत घर गाठायचं, ही माझी उभ्या आयुष्याची सवय. पँट सकाळी धुतलेली असते, एवढाच काय तो त्यातला स्वच्छतेचा भाग.

पहिली फिट कारखान्यात आली. आम्ही प्रेस शॉपवाले. पत्र्याचे जॉब काढायचे, पेट्या भरायच्या, चाकणला पाठवायच्या. नशीब असं, की मी त्या वेळी प्रेसपाशी नव्हतो, डिस्पॅचच्या टेबलाशी चलन लिहीत होतो. पुढचं मला काही आठवत नाही, त्यामुळे ऐकीव सांगतो. मी पडल्यावर कुणीतरी ओरडलं, "चप्पल हुंगवा!" आता शॉप फ्लोअरवर चप्पल घालायला सक्त बंदी. शिस्तीचा कारखाना, एकाच्याही पायात चप्पल सापडेना. मग रात्रपाळी करून दिवसपाळीला थांबलेल्या एका पोराने आपला सेफ्टी शू काढून माझ्या नाकाला लावला. दुसऱ्याने दात उचकटून मधे स्टीलची पट्टी घातली, सहा इंची. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, तशी तीही थांबली. श्रेय बुटाला गेलं. माझ्या वाट्याला पुढच्या दाताचा उडालेला टवका आला.

तर औषधं सुरू झाली. जंतासाठी एक, सूज उतरायला स्टेरॉइड, आणि फिट येऊ नये म्हणून कार्बामाझेपिन. हे औषध 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात एका रसायनशास्त्रज्ञाने बनवलं आणि जगभरातल्या लाखो लोकांना त्याने उभं ठेवलं; मला मात्र त्याने पहिल्या आठवड्यात आडवं केलं. झोप म्हणजे काय झोप! डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला गुंगी येईल, हळूहळू अंगवळणी पडेल, तोवर यंत्रापाशी जाऊ नका, गाडी चालवू नका, उंचावर चढू नका. मी यंत्रापाशी गेलो नाही. नुसती चलनं लिहिली. चाकणचा माल भोसरीला गेला आणि भोसरीचा चाकणला, आणि दोन्हीकडून एकाच वेळी फोन आले तेव्हा मी गेटपासच्या वहीवर गाल टेकून त्या दोघांच्याही पलीकडे पोचलो होतो.

त्यात माझी अक्कल. गोळी मोठी, गिळताना घशात अडते. वैद्यकाचा आपल्याला पिढीजात अभिमान, तेव्हा मी ती खलबत्त्यात कुटली, मधात कालवली आणि चाटण करून घेतली. नावापुढे 'सीआर' अशी दोन अक्षरं होती, ती मी कंपनीची खूण समजलो. ती खूण नव्हती. ही गोळी पोटात सावकाश, दिवसभर थोडी थोडी विरघळावी अशी बांधलेली असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. तासाभरात भिंती हलायला लागल्या आणि प्रत्येक वस्तू जोडीने दिसू लागली. दोन दरवाजे, दोन घड्याळं, दोन समया. त्याच वेळी मेहुणा तब्येत विचारायला आला. दोन मेहुणे मी उभ्या जन्मात मागितले नव्हते.

अंगावर पुरळ उठली, तोंड आलं, ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या गोळीने उठलेली पुरळ क्वचित कातडी सोलवटून काढण्यापर्यंत जाते आणि जिवावर बेतते. धोका जास्त करून पहिल्या दोन-तीन महिन्यांत. आशियाई लोकांमध्ये एक विशिष्ट जनुक असेल तर हा धोका वाढतो. हे सगळं हिने ऐकलं आणि रोज रात्री टॉर्च घेऊन माझी तपासणी सुरू केली. आता इंद्रायणीला जलपर्णी माजली की तळवड्याचा डास काय चीज असतो हे इथे राहणाऱ्यालाच माहीत. हिला माझ्या पाठीवर रोज नवी पुरळ सापडायची आणि रोज आम्ही डॉक्टरांना फोटो पाठवायचो. शेवटी त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहून दिली: मच्छरदाणी.

इथवर सगळं शरीराचं झालं. खरा घोळ पुढे आहे.

मंडळात मी पेटी वाजवतो. वाजवतो म्हणजे बुवांच्या मागून धावतो; पण सूर देण्याचा मान माझा. आमची पट्टी काळी एक. एका गुरुवारी भाता हलवला, सूर दाबला, तर काळी एक वाजेचना. म्हणजे बोट काळ्या एकवर, कानात मात्र पांढरी एक. अख्खी पेटी अर्ध्या सुराने उतरलेली. मी थांबलो, पुन्हा दाबला, तेच. पावसाळी हवेने पेटी बिघडते हे ठाऊक होतं, पण अशी शिस्तीत, सगळ्या पट्ट्या एकसाथ बिघडलेली पेटी मी प्रथमच ऐकली. मी काय करावं? सरळ एक पट्टी वर सरकलो आणि पांढऱ्या दोनमध्ये सूर दिला. माझ्या कानाला आता बरोबर काळी एक ऐकू येत होती. बुवांना काय ऐकू येत होतं हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं, पण मी पेटीवाला, मला वाटलं आज ते भावात आहेत.

महिनाभर बुवा भावातच होते. त्यांनी ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळल्या, काढे घेतले, दही सोडलं. वयाने आवाज चालला, आता गाणं थांबवावं, असंही एकदा खिन्नपणे बोलून गेले. मी त्यांना धीर दिला! इकडे घरी कुकरची शिट्टी खाली आली, दारावरची बेल खाली आली, कारखान्याच्या भोंग्यानेही पट्टी सोडली. पहाटे मोबाइलवर हरिपाठ लावला, तोही अर्धा सूर ढाळा. मी चिरंजीवांना म्हटलं, तुझ्या या मोबाइलवर आवाज नीट येत नाही, बदलून आण. त्यांनी बदलून आणला. नवाही ढाळा. मग पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने मोबाइलमधलं सूर मोजायचं यंत्र लावून एकेक पट्टी तपासली आणि म्हणाला, "काका, पेटी झकास आहे." मी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि त्याच्यामागे हिला सांगितलं, हल्लीच्या पोरांना कान नाहीत.

दरम्यान दुसरी भानगड शिजत होती. रक्तदाब म्हणून हिने स्वयंपाकातलं मीठ जवळजवळ बंद केलेलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध. वर कुणीतरी सांगितलं म्हणून मी सकाळी उठून तांब्यावर तांब्या पाणी रिचवायचो. आणि या सगळ्यावर कार्बामाझेपिन, ज्याचा एक गुण असा, की ते शरीरात पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ करतं. चौघांनी मिळून माझा पार बोऱ्या वाजवला. पाय लटपटायचे, बोलताना धागा सुटायचा, एकदा आंघोळीला म्हणून निघालो तो टॉवेल खांद्यावर टाकून थेट रिक्षा स्टँडवर जाऊन उभा राहिलो. सोडियम 135 ते 145 असावं लागतं, माझं निघालं 126. गंमत अशी, की ते फार उतरलं तर त्यानेही फिट येते.

डॉक्टरांनी गोळी बदलायची ठरवली आणि जाता जाता विचारलं, आणखी काही त्रास? मी म्हटलं, मला काही नाही, पण आमची पेटी उतरलीय. त्यांनी पेन खाली ठेवलं. किती उतरलीय? अर्धा सूर. कधीपासून? मी हिशेब सांगितला आणि सांगता सांगता माझ्याच पोटात गोळा आला. या औषधाने क्वचित कुणाला सगळे सूर अर्ध्या सुराने खाली ऐकू येतात. जपानमधल्या डॉक्टरांनी संगीत शिकलेल्या रुग्णांमध्ये हे बारकाईने नोंदवून ठेवलंय, आणि औषध थांबलं की कान पूर्ववत होतो. तसा झालाही. एका सकाळी कुकरची शिट्टी आपल्या जागी परत आली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरला हात जोडले. बुवांना काय सांगायचं हा प्रश्न उरला. बुवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ज्येष्ठमधाची उरलेली पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पांडुरंगाची कृपा. मला वाटलं मी मेलो."

नवी गोळी होती लेव्हेटिरासिटॅम. हिला रक्तातल्या सोडियमशी देणंघेणं नाही, इतर औषधांशी भांडण नाही. भांडण हवं असेल तर ते माणसाला स्वतः करावं लागतं, आणि मी ते केलं.

मी कसा माणूस आहे सांगतो. रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले तर मी वीस देऊन माफी मागतो. असा मी, एका सकाळी समईवर खेकसलो, वात नीट जळत नाही म्हणून. मग पेपरवाल्यावर, मग सोसायटीच्या चेअरमनवर. टँकरच्या पाण्याचा हिशेब कितीतरी दिवस कुणी मागितला नव्हता. मी जिन्यात उभा राहून मागितला, आणि संध्याकाळी तो छापील स्वरूपात, पावत्यांसह घरपोच आला. मेहुण्याने उसने नेलेले पैसे न मागता परत केले. तळवडे चौकात एका कंटेनरने रस्ता अडवला होता, तेव्हा मी रिक्षातून उतरून त्याच्या केबिनवर थापा मारल्या आणि त्याच्या पूर्वजांपासून सुरुवात केली. ड्रायव्हर तमिळ. त्याने सगळं आदराने ऐकून घेतलं आणि "चाकण?" असं विचारलं. मी रागारागात त्याला रस्ता सांगितला. तोही बरोबर.

पहिले काही दिवस घरात याचं कौतुकच झालं. पण मग नातू माझ्या खोलीवरून पाय न वाजवता जायला लागला. एकदा वरणात मीठ जास्त झालं म्हणून (मीठ! ज्याच्यासाठी मी दवाखान्यात पडून होतो) मी वाटी सरकवली ती भिंतीपर्यंत गेली. त्या रात्री हिने मला न विचारता डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं कळवलंत. काही जणांना या गोळीने असा संताप येतो, काहींना उदासी येते, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, आणि माणसाला ते स्वतःचंच वाटतं, गोळीचं वाटत नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 मध्ये फिटच्या औषधांबद्दल आत्महत्येच्या विचारांचा इशारा दिला होता. डॉक्टरांनी एक कमी करत दुसरी वाढवत मला याच गोळीच्या चुलत भावावर, ब्रिव्हॅरासिटॅमवर, आणलं. हिने फक्त एकदा दबक्या आवाजात विचारून घेतलं, "डॉक्टर, सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत आहे तीच ठेवता येईल का?"

आमच्या आत्यालाही हा फिटचा आजार, अपस्मार, होता. तिच्या काळी फिनोबार्बिटोन, लोक त्याला गार्डिनल म्हणत. 1912 पासून वापरात असलेली गोळी, आजही दिली जाते. आत्या जेवताना पेंगायची आणि सासरचे तिला आळशी म्हणायचे, कारण आजार लपवून लग्न लावलेलं. गोळ्या ती पावडरच्या डब्यात ठेवायची, वर पफ. त्या गुलाबी डब्याचं झाकण जरा वाकडं झालेलं होतं, ते बसवायला ती दोन्ही अंगठे लावायची आणि आधी दाराकडे बघायची. लपवणार नाही तर काय करणार? हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार ही अडचण म्हणून लिहिलेली होती. ती कायद्यातून निघाली 1999 मध्ये. आज पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, स्वतः हा आजार भोगून, 'संवेदना' नावाने रुग्णांचा गट उभा केलाय, माणसं तिथे उघड बोलतात. आत्याला बोलायला तो डबाच होता. माझ्या गोळ्या फ्रिजवर, सगळ्यांना दिसतील अशा. हिने खाली तारीख-वार लिहिलेला कागद चिकटवलाय.

एवढा कागद डोळ्यांपुढे असताना आषाढी आली. निर्जळी उपवास. आता गोळी पाण्याशिवाय घेता येत नाही, आणि पाणी घेतलं तर निर्जळी राहत नाही. शिवाय बरेच दिवस फिट नव्हती, म्हणजे मी बराच झालो असणार. दिवसभराच्या गोळ्या पांडुरंगावर सोडल्या. रात्री जागर. फिटची दोन नेहमीची निमित्तं, चुकलेली गोळी आणि तुटलेली झोप, मी एकाच तिथीला साधली. पहाटे काकड्याच्या सुमाराला पेटीवरच आडवा झालो. मंडळात सगळे अनुभवी. कुणीतरी धावत जाऊन शेजारच्या घरातून कांदा आणला, बुक्कीने फोडला आणि माझ्या नाकाला धरला. चातुर्मास लागून एक दिवस झाला होता. कांदा-लसूण सोडल्याचा संकल्प मी त्याच मंडपात, आदल्या संध्याकाळी, सगळ्यांदेखत सोडला होता.

डॉक्टर माझ्यावर इतके चिडले, इतके चिडले, आणि त्यांना तर लेव्हेटिरासिटॅम चालूही नव्हती.

मेंदूतला पाहुणा आता विरघळलाय, जागेवर चुन्याचा बारीक ठिपका उरलाय. त्या ठिपक्यानेही फिट येऊ शकते, म्हणून गोळी चालूच आहे. कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवणार. लायसन्सच्या पहिल्याच फॉर्मात फिट येते का असा प्रश्न असतो, तिथे खरं लिहावं लागतं, तेव्हा स्कूटर हिच्याकडे गेली. मी मागे बसतो. ती मला वळणावर हात दाखवायला सांगते आणि मी चुकीचा दाखवतो. बाथरूमला आतून कडी लावायला मला मनाई आहे, त्यामुळे आंघोळीच्या वेळी आमच्याकडे गॅसवाला, इस्त्रीवाला आणि मेहुणा सोडून बाकी सगळे डोकावून जातात.

तेव्हा तुम्ही कधी तळवड्याला आलात आणि मी पेटीपाशी आडवा पडलेला दिसलो, तर एवढं करा. मला कुशीवर वळवा, पेटी बाजूला सारा, तोंडात पट्टी, चमचा, बोट काही घालू नका, पाणी पाजू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेलं किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर 108 ला फोन करून सरळ दवाखान्यात न्या. चप्पल पायातच राहू द्या. आणि कांदा चातुर्मास संपेपर्यंत तरी नको.